झारच्या राजवाड्यात आईच्या चपला

रशियाच्या झारच्या उन्हाळी राजवाड्यातून अनवाणी बाहेर पडलेला नाशिक रोडचा पहिला इंजिनीयर मी. दुसरा कोणी असेल तर त्याने अवश्य भेटावं, आम्हाला बोलायला पुष्कळ विषय निघतील. (अजून कोणी आलेलं नाही.)

साल एकोणऐंशी. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होतो. आमच्या टर्बाइनचं माहेर लेनिनग्राड, म्हणून तिचे नखरे समजून घ्यायला आम्हा काही जणांना वर्षभर तिकडे पाठवलं होतं. कुटुंब नेता येत होतं. कुटुंब म्हणजे माझी बायको सुमन आणि माझी आई. जाण्याआधी मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन रशियन शिकलो, आणि इतकं मन लावून शिकलो की मी बोललेलं तिथल्या माणसांना चक्क कळायचं. ती माणसं काय बोलतात ते मात्र मला कळायचं नाही. ही दुसरी बाब मी घरात सांगितली नव्हती. कोणी काही बोललं की मी गंभीरपणे मान हलवायचो, ‘दा, दा’ म्हणजे ‘हो, हो’ म्हणायचो, आणि सुमनला मला सुचेल तो अर्थ सांगायचो. असं वर्ष अगदी सुखात चाललं होतं.

आई आधी यायलाच तयार नव्हती. बर्फात माझं काय काम, म्हणून ती हटून बसली होती. मी तिला तिथल्या नद्या सांगितल्या, भुयारातल्या रेल्वेगाड्या सांगितल्या, ती ढिम्म. मग बोलता बोलता राजवाड्यांचा विषय निघाला तशी ती भाजी निवडायची थांबली.

‘मैसूरच्यापेक्षा मोठा हाय का?’

‘मोठा आहे. आणि एक नाही, चार-पाच आहेत.’

‘मंग येते,’ आई म्हणाली आणि पुन्हा मेथीकडे वळली.

या मैसूरची हकिगत सांगायला हवी. आईचं माहेर बागलाणातलं, नामपूरच्या पलीकडे मोसम नदीच्या काठी. गावात पाटलांची गढी होती. त्या काळी गढीच्या दारावरून जाताना आमच्या वस्तीतल्या माणसांनी चपला काढून हातात घ्यायच्या आणि गढीची भिंत संपली की पुन्हा पायात घालायच्या, असा रिवाज होता. आमच्या आजोबांनी निम्मं आयुष्य चपला पायात घालण्यापेक्षा हातात धरण्यात घालवलं. तर त्या गढीच्या ओसरीवर एक फोटो होता. मैसूरच्या राजवाड्यापुढे खुर्ची टाकून थोरले पाटील बसले आहेत आणि त्यांच्या पायांत चकचकीत बूट आहेत. लहानपणी आई डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन तिथे गेली, की अंगणातून तो फोटो बघत उभी राहायची. तेव्हाच तिने ठरवून टाकलं होतं म्हणे, की आपणही असाच एक फोटो काढायचा. राजवाडा त्यापेक्षा मोठा पाहिजे आणि आपल्या माणसांच्या पायांत काहीतरी पाहिजे. गावात मामाच्या घरी दर्शनी भिंतीवर त्या फोटोसाठी एक खिळाही ठोकून ठेवलेला होता. त्या खिळ्याला बरीच वर्षं टोपी लटकत होती.

फोटोसाठी आईने नाशिकच्या मेन रोडवरून नव्या चपला घेतल्या आणि त्या खोक्यातच रशियाला आणल्या. रोज वापरायला वेगळ्या. नव्या फक्त राजवाड्यापुढे.

त्या उन्हाळ्यात आम्ही दर रविवारी राजवाड्यांच्या मोहिमेवर निघायचो. पहिला राजवाडा निळा-पांढरा आणि इतका लांब होता, की त्याच्या एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस ओळखू येणार नाही. पण नेमकी दुरुस्ती चालू होती आणि दर्शनी भागाला परांच्या बांधल्या होत्या. बांधकामापुढे फोटो नको, म्हणून आईने चपलांचं खोकं उघडलंच नाही. त्याऐवजी आम्ही बाग पाहिली. तिला बाग तरी कसं म्हणावं! तळी, त्यांवर पूल, पुलांपलीकडे टेकड्या, आणि चालत राहिलं की झाडांच्या मधून अचानक पुन्हा तोच राजवाडा नव्या कोनातून समोर यायचा. मला वाटलं होतं हे रान आपोआप उगवलंय. नंतर कळलं, प्रत्येक झाड कुठून कसं दिसावं हे ठरवून लावलेलं होतं. मी आणि सुमन अवाक झालो होतो. आई मात्र खाली वाकून माती चिमटीत घेऊन बघत होती. ‘येवढी काळी जमीन,’ ती म्हणाली, ‘आन् एक कांद्याचा वाफा नाय.’

दुसरा राजवाडा पिवळा, गोल खांबांचा, खाली वळणं घेत जाणारी छोटी नदी. तिथल्या खारी हातावर येऊन दाणे खायच्या. तिथे पाऊस आला. नव्या चपला भिजतील म्हणून खोकं आईच्या पदराखाली आणि आई माझ्या छत्रीखाली, असे आम्ही परत आलो. मी मात्र पाऊस थांबण्याच्या मधल्या वेळात पुलांचे आणि पाण्याच्या दारांचे भरपूर फोटो काढले. सुमनने तेव्हाच विचारलं होतं, रोल आईंच्या फोटोसाठी आहे ना? मी म्हणालो, आहे की, पुष्कळ आहे.

असं करता करता परतीचा आठवडा आला. उरला एकच रविवार आणि एकच राजवाडा, पीटरहोफचा. तो समुद्रकाठी आहे, लेनिनग्राडहून बोटीने जातात. धक्क्यावर उतरलो, झाडांमधून सरळ जाणाऱ्या कालव्याच्या काठाने चालू लागलो आणि समोर ते दिसलं. उंचावर राजवाडा, त्याच्या पायथ्यापासून उतरत आलेल्या पायऱ्या, पायऱ्यांवर सोन्याचे पुतळे, आणि जिकडे बघावं तिकडे पाणी उडतंय. मधोमध एक सोनेरी पहिलवान सिंहाचा जबडा फाडत होता आणि त्या जबड्यातून पाण्याचा खांब आभाळात गेला होता. आम्ही तिघं किती वेळ तिथे नुसते उभे होतो कोण जाणे. आयुष्यात काही गोष्टी खरोखरच ऐकल्या होत्या तशा निघतात, त्यांतली ही एक.

आणि त्यातून मला कळलं, की या सगळ्या कारंज्यांना एकही पंप नाही! दूरच्या टेकाडांवरचे झरे, तिथून कालवे, आणि केवळ उताराच्या जोरावर हे सगळं पाणी उडतंय, तेही दोन-अडीचशे वर्षं. नाशिक रोडला आमच्या क्वार्टरमध्ये दुसऱ्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं. मला राहवलं नाही. मी तोट्यांचे फोटो काढले, नळांचे काढले, झाकणांचे काढले. आईने शांतपणे खोकं उघडून नव्या चपला पायात घातल्या, पदर सारखा केला आणि सुमनने माझ्या हातातून कॅमेरा घेऊन पाहिला, तेव्हा रोलवर एकच फोटो शिल्लक होता.

सुमन म्हणाली, आत्ताच्या आत्ता आईंचा फोटो काढा. मी म्हणालो, ऊन समोरून येतंय, दुपारनंतर राजवाड्यावर सोनेरी प्रकाश पडेल, आधी राजवाडा आतून बघू. कारंजी पाचला बंद होतात, तोवर खूप वेळ आहे. हे सगळं मी इतक्या अधिकाराने सांगितलं की दोघी गप्प बसल्या. आमच्या घरातले सगळे घोटाळे मी अधिकाराने बोललो की सुरू होतात.

राजवाड्याच्या दाराशी एक मोठा लाकडी खोका होता. त्यात जाड नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, राखाडी रंगाच्या, नाड्या असलेल्या सपाता भरलेल्या होत्या. शेजारी खुर्चीवर रुमाल बांधलेली एक वयस्कर बाई बसली होती. तिने सपातांकडे बोट केलं, आमच्या पायांकडे बोट केलं आणि काहीतरी लांबलचक सांगितलं. मी दा, दा म्हणालो. त्यात न कळण्यासारखं होतंच काय? विहारात जाताना आपण काय करतो, चपला बाहेर काढतो. इथे लाकडी फरशीवर अनवाणी पाय गार पडू नयेत म्हणून वर सपाता देतात. किती माणुसकीची व्यवस्था! मी बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले. सुमनला तिच्या सँडल काढायला लावल्या. दोन्ही जोड आणि आईच्या जुन्या चपलांचं खोकं एका संगमरवरी पुतळ्याच्या मागे भिंतीकडे तोंड करून नीट ठेवले. आमच्यामागून आलेली रशियन मंडळी बुटांवरच सपाता चढवत होती, हे मी पाहिलं नाही असं नाही. सुमनने तर ते बोलूनही दाखवलं. मी तिला समजावलं, की थंड मुलखातल्या लोकांना बूट काढायची सवय नसते, त्यांना सूट दिलेली असणार.

‘आई, काढ चपला,’ मी म्हणालो.

‘मी नाय काढायची.’

‘अगं, नियम आहे इथला.’

‘कोनाचा?’

‘राजवाड्याचा.’

आई रागावली की तिची भाषा नाशिक रोडहून थेट बागलाणात जायची. तशी ती गेली. ‘कोठे शे तो राजा?’ ती म्हणाली. ‘बोलाव त्याले. त्यानी सांगं ते काढसू.’

राजाने सांगितलं तर काढीन! राजाला बोलावणं माझ्या हातात नव्हतं. (त्याला जाऊन साठेक वर्षं झाली होती.) मी हलक्या आवाजात खूप विनवण्या केल्या. लोक बघताहेत म्हणालो, परक्या देशात शोभा होते म्हणालो. आई नव्या चपलांत पाय रोवून उभी. ‘माझ्या बापानं लय काढल्या,’ ती एवढंच बोलली. तेवढ्यात ती रुमालवाली बाई उठली. मला वाटलं, आता आपल्याला बाहेर काढणार. पण तिने सर्वांत मोठ्या सपाता निवडल्या, आईपुढे गुडघ्यावर बसली आणि चपलांसकट आईचे पाय त्या सपातांत घालून नाड्या बांधू लागली. आई इतकी चपापली की तिने पाय मागे घेतला. परक्या माणसाने तिच्या पायाशी वाकण्याची तिला सवय नव्हती. बाईने हसून पुन्हा पाय पुढे ओढला. मी सुमनच्या कानात सांगितलं, म्हाताऱ्या माणसांसाठी खास सोय आहे.

आत काय होतं ते मी किती सांगणार! एका दालनातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, भिंतींवर सोनं, छतावर आभाळ रंगवलेलं, आरशांपुढे आरसे, त्यांत आमच्यासारखी शेकडो माणसं सपाता घसटत चाललेली. त्या सपातांनी फरशी आरशासारखी होते, हे आईच्याच आधी लक्षात आलं. एवढे लोक तिकीट काढून राजाची फरशी फुकट पुसताहेत, यावर ती अगदी खूश झाली आणि मुद्दाम कोपऱ्याकोपऱ्यांतून पाय घासत निघाली. मला मात्र माझ्या अनवाणी पायांना त्या सपाता भलत्याच मोठ्या होत होत्या. दरबाराच्या दालनात मी वर झुंबराकडे बघत चालत राहिलो, एक सपात मागे राहिली आणि मी राज्यकर्त्यांच्या तसबिरींपुढे साष्टांग आडवा झालो. आईने मागे वळून पाहिलं. ‘ऊठ,’ म्हणाली. ‘आजून बी पाया पडतो?’

एका दालनात मात्र सगळ्यांची पावलं थांबली. तिथे भिंतीवर जुने फोटो होते. युद्धानंतरचा हाच राजवाडा. छप्पर नाही, मजले नाहीत, काळ्या पडलेल्या भिंती आणि आत आभाळ. रुमालवाली बाई आमच्याबरोबर तिथवर आली होती. तिचं नाव वेरा. ती बोलली त्यातले मला ‘जळलं’, ‘मुली’ आणि ‘हातांनी’ एवढे शब्द कळले, पण तिने आपले दोन्ही हात पुढे करून दाखवले आणि मग अर्थ सांगावा लागला नाही. तरुणपणी तिने इथला राडारोडा या हातांनी उचलला होता. आम्ही आत्ता पाहून थक्क झालो ते सगळं सोनं, ते छत, त्या नक्ष्या पुन्हा नव्याने घडवलेल्या होत्या. मी राजावर इतका वेळ जीव ओवाळत होतो, तो खरं तर या बायकांवर ओवाळायला हवा होता. आईने वेराबाईचे हात हातांत घेऊन निरखून पाहिले, पालथे करून पाहिले. ‘राजानं बांधला, मंग हिनं बांधला,’ ती मला म्हणाली. ‘हिचाच हाय म्हन की.’

बाहेर जायचं दार आत यायच्या दाराजवळ असतं, अशी माझी आयुष्यभराची समजूत. तिथे ते राजवाड्याच्या पार दुसऱ्या टोकाला निघालं. दारात दुसरा लाकडी खोका आणि दुसरी बाई. ही अजिबात हसत नव्हती. तिने आमच्या सपाता मागितल्या. आईने नाड्या सोडल्या, सपाता खोक्यात टाकल्या आणि आपल्या नव्या चपलांत खाली बागेत उतरली. सुमनने माझ्याकडे पाहिलं. मी त्या बाईला माझ्या उत्तम रशियनमध्ये सांगितलं, की आमचे बूट पलीकडच्या दाराशी पुतळ्यामागे आहेत. तिला माझं सगळं कळलं. तिने माझ्या पायांकडे पाहिलं, सपाता ओढून घेतल्या आणि दार लावलं.

राजवाड्याला वळसा घालायचा म्हणजे गावाला प्रदक्षिणाच होती. वाटा सगळ्या बारीक खड्यांच्या. पुढे आई झपझप, मागे सुमन निऱ्या उचलून, आणि त्यामागे मी, टोचलं टोचलं म्हणून दर पावलाला उडी मारणारा. वाटेत लहान मुलं आम्हाला बघायला थांबत होती. पुढच्या दाराशी पोचलो तर ते बंद. तिकीटविक्री संपली होती. मी खूप ठोठावलं. आतून कोणीतरी काहीतरी सांगितलं आणि मी सवयीने दा, दा म्हणालो. मग आत शांत झालं.

‘काय म्हणाले?’ सुमनने विचारलं.

एका वर्षात पहिल्यांदाच मी म्हणालो, ‘माहीत नाही.’

सुमनला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. तिला सगळं समजलं होतं, बहुधा वर्षापूर्वीच.

आता खरा पेच उभा राहिला. कारंजी पाचला बंद होणार होती. फोटो एकच शिल्लक. पण आईला हवा होता तो फोटो असा नव्हता. सगळ्या जन्माचा अट्टहास होता, की आपली माणसं राजवाड्यापुढे पायांत काहीतरी घालून उभी राहावीत, आणि तिचा इंजिनीयर होऊन सातासमुद्रापार आलेला मुलगा ऐन वेळेला मोळी विकायला आल्यासारखा अनवाणी! आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली माझ्या पायांकडे बघत राहिली. मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं, की त्या पहिलवानाला बाजूला सारून मीच सिंहाच्या जबड्यात डोकं घालावं असं वाटलं.

मी म्हणालो, खाली बागेत कचेरी असेल, तिथून किल्ली आणतो. (हेही मी अधिकाराने बोललो.) कचेरी सापडली नाही. समुद्राजवळ झाडीत एक पांढरा बाक दिसला. पाय सोलवटले होते म्हणून मी तिकडे वळलो. बाकापुढे गोल गोटे बसवलेले होते आणि काही पोरं त्यांवर नाचत होती. अचानक बाकामागून पाणी उडायचं, पोरं किंचाळून पळायची. झारला पाहुण्यांची गंमत करायची हौस होती, त्यातलं हे कारंजं. मी इंजिनीयर माणूस. मी थोडा वेळ निरीक्षण केलं आणि सुमनला सांगितलं, की कोणता गोटा दाबल्यावर पाणी येतं ते माझ्या लक्षात आलंय, तो सोडून बाकी सगळे निर्धोक आहेत. कॅमेरा तिच्याकडे दिला आणि एकेक निर्धोक गोट्यावर पाय देत बाकापर्यंत पोचलो, बसलो आणि नखशिखान्त भिजलो. उठून पळालो, तर दुसऱ्या बाजूने भिजलो. नंतर कळलं, की गोट्यांचा काही संबंध नाही. झुडपामागे एक गृहस्थ बसून मनाला येईल तेव्हा व्हॉल्व्ह फिरवतो.

मी निथळत उभा होतो तेव्हा समोरून वेराबाई आली. तिचं काम संपलं होतं. तिने माझे केस पाहिले, कपडे पाहिले, पाय पाहिले, आणि वाटेतच कंबरेवर हात ठेवून हसू लागली. मग माझी अवस्था ओळखून, पहिलीतल्या मुलाशी बोलतात तसं एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. जन्मात पहिल्यांदा मला रशियन समजू लागलं. किल्ली साहेबांकडे असते. साहेब कारंजी बंद झाल्यावर येतात. तेव्हा बूट मिळतील. आधी नाही.

मग तिने आईकडे बोट केलं आणि विचारलं, तुम्ही बूट काढलेत, या आजींनी का नाही काढले? मी सांगितलं. माझ्या रशियनमध्ये गढी सांगितली, आजोबा सांगितले, हातात धरलेल्या चपला सांगितल्या, मैसूरचा फोटो सांगितला. वेराबाईचं हसू थांबलं. ती म्हणाली, तिची आजी इथे राजाच्या धुणीघरात होती. धुणी धुणाऱ्या बायकांनी राजाच्या नजरेला पडायचं नाही, म्हणून त्यांना झाडीमागून वेगळी वाट होती. कारंजी नुसती ऐकू यायची. हे मी आईला सांगितलं. मग वेराबाईने आईच्या दंडाला धरून तिला त्या मोठ्या मधल्या वाटेने, कारंज्यांच्या ऐन समोरून राजवाड्याकडे चालवत नेलं. त्या वाटेवर तशी ऐटीत कोणतीही राणी चालली नसेल, हे मी पैजेवर सांगतो.

पाच वाजायला आले होते. वेराबाईने तिकिटाच्या खोपटातून आपली खुर्ची आणली. आई खुर्चीवर बसली, पाय जुळवून, नव्या चपला पुढे दिसतील अशा. वेराबाईला तिने शेजारी उभं केलं. प्रश्न माझा होता. सुमन म्हणाली, ‘मी फोटो काढते.’ किती हुशार बाई! फोटो काढणाऱ्याचे पाय फोटोत येत नाहीत. माझ्यासाठी आईनेच तोड काढली. खुर्चीमागे फुलांचा दाट वाफा होता, गुडघ्याएवढा. ‘त्यात जाऊन उभा राय,’ ती म्हणाली. ‘पाय दिसायचे नाय.’ मी वाफ्यात उतरलो. सुमनने एकच फोटो काढला आणि पाठोपाठ मधला उंच पाण्याचा खांब हळूहळू बसत गेला, पायऱ्यांवरची कारंजी एकेक करून थांबली आणि इतका वेळ त्या आवाजात बुडालेले पक्षी ऐकू येऊ लागले.

नाशिक रोडला आल्यावर तो फोटो मोठा करून काचेत बसवला. काय सुरेख आला होता! मागे अख्खा राजवाडा, मधे पाणी, पुढे आई आणि तिची मैत्रीण. तो घेऊन आम्ही एस.टी.ने आईच्या माहेरी गेलो. मामाने खिळ्यावरची टोपी काढली आणि फोटो लावला. बघायला सगळी वस्ती लोटली. गढीवरच्या थोरल्या पाटलांचा नातूसुद्धा आला. शिकलेला, सालस पोरगा. तो चपलांचा रिवाज त्याच्या जन्माआधीच मोडला होता. फोटोपुढे बराच वेळ उभा राहून तो म्हणाला, आमच्या मैसूरपेक्षा मोठा आहे हो आजी. आईने त्याला आग्रहाने बसवून घेतलं आणि चहा पाजला. मी आईला इतकी आनंदात कधी पाहिली नव्हती.

शेजारच्या एका म्हातारीने फोटोला नाक लावून विचारलं, ‘ह्या गोऱ्या बाई कोन?’

‘राजवाडा हिचा हाय,’ आई म्हणाली.

‘आन् ह्यो मागं वाफ्यात? भिजलेला? माळी का?’

आईने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ‘हाय एक,’ ती म्हणाली.

परतीच्या एस.टी.ची वेळ झाली म्हणून बाहेर आलो, तर दाराशी जमलेल्या चपलांच्या ढिगात माझी जोडी नव्हती. गर्दीत कोणीतरी घालून गेलं होतं. भावाच्या घरी आपणहून काढलेल्या आईच्या चपला मात्र जागच्या जागी होत्या. शोधाशोध करायला वेळ नव्हता. आई चपला घालून पुढे, सुमन मागे, आणि मी अनवाणी, असे पुन्हा एकदा आम्ही निघालो. वाट गढीवरूनच होती. दारात पाटलांचा नातू उभा होता. माझे उघडे पाय पाहून पोरगा लाजेने कासावीस झाला, पायऱ्या उतरून धावत आला आणि हात जोडून म्हणाला, ‘काका, आता तसलं काही राहिलं नाही. इथून चपला घालून गेलं तरी चालतं.’

मी गंभीरपणे मान हलवली आणि म्हणालो, ‘दा, दा.’